ज्वारी आणि भाताच्या वाटण्या केव्हा झाल्या?

आपल्या परभणीकडच्या खेड्यांत घरोघर गॅस आला. तरी दुधाचे पातेले करपले आणि काही केल्या निघेना, म्हणजे चुलीतली राख आठवतेच. गोवऱ्यांची पांढरी राख नारळाच्या शेंडीवर घ्यावी, चार हात फिरवावेत, की पातेले लख्ख. अशा वेळी एखादी नात विचारते, "आज्जी, राख तर एवढी मऊ, मग भांडं कसं निघतं गं?" आजी म्हणते, "मऊ दिसती माय, पण तिच्यात बारीक कच असती. बोटानं चोळून बघ."

आजीचे हे उत्तर अगदी शास्त्राला धरून आहे. राखेतला काही कच शेणाला लागलेल्या मातीचा असतो. पण त्यातला मोठा भाग येतो तो जनावराने खाल्लेल्या कडब्यातून आणि गवतातून. गवत जनावराच्या पोटातून गेले, त्याच्या गोवऱ्या झाल्या, गोवऱ्या जळून राख झाली. तरी तो कच पचलाही नाही आणि जळलाही नाही.

ही साधी गोष्ट आज सांगण्याचे कारण असे, की गवतातल्या याच कचाने 2005 साली जगभरच्या शास्त्रज्ञांना आपली पुस्तके पुन्हा उघडायला लावली. तो कच आपल्याच महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यात सापडला, आणि तोही शेणातच. मात्र ते शेण गाईम्हशींचे नव्हते. ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या डायनासोर नावाच्या अजस्र प्राण्यांचे होते. त्यातून प्रश्न उभा राहिला तो आपल्या ताटातल्या दोन धान्यांचा: ज्वारी आणि भात ही एकाच कुळातली भावंडे एकमेकांपासून विभक्त झाली तरी केव्हा?

पानातली वाळू

ज्वारीच्या उभ्या पिकातून उघड्या हातांनी गेले की पाते सुरीसारखे लागते. पानाच्या कडेला डोळ्यांना न दिसणारे बारीक काटे असतात आणि त्यांत वाळूचा अंश असतो. झाड मुळांवाटे पाणी ओढते, त्या पाण्यात वाळूचे मूळ द्रव्य, म्हणजे सिलिका, विरघळलेले असते. पाणी पानावाटे उडून जाते, सिलिका मागे उरते आणि पानाच्या पेशींत साठून घट्ट होते. पेशी हा जणू साचा आणि सिलिका ही त्यात ओतलेली मूस. पुढे पान कुजले, वाळले किंवा कुणी खाल्ले तरी साच्यातून निघालेला हा वाळूकण तसाच राहतो. शास्त्रज्ञ त्याला फायटोलिथ म्हणतात. आपण वाळूकणच म्हणू.

सूक्ष्मदर्शक यंत्राखाली हे कण पाहिले म्हणजे मोठी मौज दिसते. प्रत्येक गवताच्या घराण्याचा आपला आकार ठरलेला आहे. ज्वारी-मक्याच्या पानात डमरूच्या आकाराचे आणि फुलीच्या आकाराचे कण असतात. हरळीत आणि नाचणीत ते घोड्याच्या खोगिरासारखे असतात. गव्हात लांबट, कडा नागमोडी असलेले कण सापडतात. भाताच्या पानातही डमरूच असतात, पण ज्वारीचे डमरू पानाच्या लांबीच्या दिशेने झोपलेले, तर भाताचे डमरू लांबीला आडवे रचलेले. जनावराच्या कानावरच्या खुणेवरून ते कोणाचे हे ओळखावे, तसे या कणांवरून गवताचे घराणे ओळखता येते.

एका गवताची भावकी

ज्वारी, बाजरी, मका, ऊस, गहू, भात, नाचणी, हरळी आणि बांबू ही सगळी गवतेच आहेत. सर्वांचे कुळ एक. पेर आणि कांडे, कांड्याला वेढून बसलेले पान, पानातल्या सरळ समांतर शिरा या कुळाच्या खुणा कुणालाही बांधावर उभे राहून पाहता येतात.

या कुळाचे दोन मोठे वाडे आहेत. एका वाड्यात ज्वारी, बाजरी, मका, ऊस, नाचणी आणि हरळी राहतात. दुसऱ्या वाड्यात भात, गहू आणि बांबू. बांबू भाताच्या जवळचा आणि ज्वारीच्या दूरचा, हे ऐकून नवल वाटेल. पण पानाची बारीक रचना आणि पेशींतला आनुवंशिक मजकूर, दोन्ही तेच सांगतात.

म्हणजे आपला प्रश्न असा झाला: हे दोन वाडे एका घरातून वेगळे कधी निघाले? तिथे हजर असलेला साक्षीदार कोणी नाही, लिहिलेली वही नाही. मग वेळ सांगायची कशी?

बैलाचे दात आणि जमिनीचे कागद

शेतकरी बंधूंनो, अंगावरच्या खुणेवरून काळ सांगण्याची विद्या आपल्याला नवी नाही. बाजारात बैल घेताना आपण त्याचा जन्मदाखला मागत नाही, त्याचा जबडा उघडतो. दोन दाती असेल तर दोन-अडीच वर्षांचा. पुढे चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला. जाणता माणूस "अडीच वर्षे आणि चार दिवस" असे कधी सांगत नाही. तो म्हणतो, "दोन ते अडीच." हाच खरा अंदाज, कारण त्यात चुकीला जागा ठेवलेली असते. आणि एकदा बैल जुळला, की दाताचे गणित अडते. मग तो सहा वर्षांचा की नऊ, हे दातांच्या नुसत्या संख्येवरून कळत नाही. खूण बदलायची तेवढी बदलून गेली, की ती पुढचा काळ मोजत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. गावात एकाच आडनावाच्या दोन भावक्या आहेत. त्या विभक्त कधी झाल्या कुणाला आठवत नाही. पण निजामाच्या काळातला एक जुना कागद सापडला आणि त्यात दोन्ही घरांची नावे वेगवेगळ्या जमिनींपुढे लागलेली दिसली. यावरून काय सिद्ध झाले? वाटणी त्या कागदाच्या आधी झाली, एवढेच. ती दहा वर्षे आधी की शंभर वर्षे आधी, हे तो कागद सांगत नाही. पण वाटणी त्या कागदानंतरची आहे असे आता कुणाला म्हणता येणार नाही.

दगडात सापडलेला जुना जीव, म्हणजे जीवाश्म, असाच कागद असतो. भाताच्या घराण्याची खूण ज्या दगडात सापडेल, त्या दगडाच्या वयाच्या आधीच भाताचे घराणे वेगळे झालेले असले पाहिजे. बैलाचे दात आणि जमिनीचा कागद, या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढचे सगळे सोपे आहे.

खुणांचा तक्ता आणि त्रैराशिक

शास्त्रज्ञ प्रथम एक मोठा तक्ता करतात. उभ्या बाजूला वनस्पतींची नावे, आडव्या बाजूला खुणा. वाळूकण डमरूसारखा आहे का? तो पानाला आडवा आहे का? पानाच्या कडेला काटे आहेत का? असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. पेशीतला आनुवंशिक मजकूरही असाच अक्षर-अक्षर मांडतात. मग कोणाचे कोणाशी किती जुळते हे पाहून वंशावळ तयार होते.

आता काळाचा हिशेब. समजा, शंभर खुणांपैकी ज्वारी आणि मका यांच्यात सहा वेगळ्या निघाल्या आणि त्यांना विभक्त होऊन 1 कोटी 20 लाख वर्षे झाली. ज्वारी आणि भात यांच्यात वीस खुणा वेगळ्या असतील तर त्यांना किती वर्षे झाली? शाळेतल्या त्रैराशिकाने उत्तर येते 4 कोटी. आनुवंशिक द्रव्यातले बदल असे घड्याळासारखे वापरता येतील, ही कल्पना झुकरकांडल आणि पॉलिंग या दोन शास्त्रज्ञांनी 1962 मध्ये मांडली.

पण नुसते त्रैराशिक इथे फसते, आणि त्याची कारणे आपल्या ओळखीची आहेत. एक म्हणजे जुळलेल्या बैलाचे दात. एकच खूण दोनदा बदलली तर आपल्याला ती एकदाच बदललेली दिसते. कधी फिरून मूळपदावर आली तर बदललीच नाही असे वाटते. त्यामुळे जुन्या वाटण्या खऱ्यापेक्षा अलीकडच्या भासतात. दुसरे कारण चालीचे. ज्वारीची पिढी एका हंगामात होते, बांबूला फुलायला कित्येक वर्षे, कधी कधी अनेक दशके लागतात. दोघांत बदल एकाच चालीने साठतील असे कसे मानावे? तिसरे कारण सारखेपणाचे. दोन माणसे तोंडावळ्याने सारखी दिसली म्हणून ती भाऊ असतीलच असे नाही. दोन लांबच्या गवतांतही एकसारखा कण स्वतंत्रपणे तयार होऊ शकतो.

म्हणून त्रैराशिकाच्या जागी संभवाचे गणित आले. शरीरावरच्या खुणा किती वेळा आणि कशा बदलल्या असाव्यात, याची मांडणी अमेरिकेतील पॉल लुईस यांनी 2001 मध्ये दिली. या रीतीत संगणक एकच वंशावळ मांडून थांबत नाही. तो लाखो वंशावळी मांडून पाहतो. कुठे चाल जलद धरतो, कुठे मंद. कुठे वाटणी आधीची धरतो, कुठे नंतरची. प्रत्येक वेळी तो विचारतो, "हे खरे असते तर आज दिसतात तशा खुणा दिसल्या असत्या का?" आणि दगडातल्या कागदांशी ते जुळते का, हेही पाहतो. ज्या मांडण्या पुराव्याशी जास्त जुळतात त्यांना जास्त वजन मिळते. शेवटी उत्तर येते ते बैल पारखणाऱ्याच्याच भाषेत: इतक्यापासून इतक्यापर्यंत.

या साऱ्या गणिताचा जीव मात्र दगडातल्या कागदांत असतो. कागद चुकीचा वाचला तर संगणक कितीही मोठा असो, उत्तर चुकतेच. आणि गवताचे असे जुने कागद फार थोडे. गवत नाजूक, ते कुजून जाते, दगडात त्याची छाप क्वचितच उरते. फार काळपर्यंत गवताचे अगदी नि:शंक असे जुने अवशेष साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचेच होते. त्यामुळे डायनासोरच्या काळात गवत नव्हते, असेच सगळे समजत असत.

पिसदुऱ्याचे शेण

आता चंद्रपूर जिल्ह्यात जाऊ. वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत तांबड्या मातीच्या थरातून जुनी हाडे आणि गोळ्यांसारखे दगड निघतात. नागपूरला राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, या जागेची माहिती आहे. हे गोळे म्हणजे दगड झालेले शेण. चार्ल्स मॅटली यांनी 1939 मध्ये त्यांवर खास लेख लिहिला होता. हे शेण टायटॅनोसॉर नावाच्या लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या प्रचंड डायनासोरांचे असावे असे मानतात.

त्याचे वय कसे कळले? हा थर आपल्या काळ्या दगडाच्या काळातला आहे. परभणीत विहीर खोदताना मुरूम संपला की मांजऱ्या आणि काळा पाषाण लागतो. तो दगड साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून आलेल्या लाव्हाचा आहे, आणि त्याच्याच झिजेतून आपली काळी कसदार जमीन झाली. अशा दगडातली काही मूलद्रव्ये ठरलेल्या गतीने रूप बदलतात. किती बदलली आणि किती उरली, ते मोजून दगडाचे वय काढता येते. पिसदुऱ्याच्या शेणाचे वय अशा रीतीने साडेसहा ते पावणेसात कोटी वर्षांच्या दरम्यान येते. त्या वेळी आपला भारत आशियाला चिकटलेला नव्हता. समुद्रात वेगळा पडून उत्तरेकडे सरकत होता.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील डॉ. वंदना प्रसाद यांनी डॉ. कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, डॉ. हबीब अलीमोहम्मदियन आणि डॉ. अशोक साहनी यांच्यासोबत हे शेण तपासले. डायनासोर कोणती झाडे खात होते हे त्यांना पाहायचे होते. ताड-माडाच्या जातीची झाडे, सूचिपर्णी वृक्ष, रुंद पानांची झाडे यांचे अंश त्यात मिळाले. आणि त्यांच्या जोडीला मिळाले गवताचे वाळूकण! तेही एकाच गवताचे नव्हेत, निदान पाच निरनिराळ्या प्रकारच्या गवतांचे. नोव्हेंबर 2005 मध्ये हे संशोधन "सायन्स" या प्रसिद्ध साप्ताहिकात छापून आले.

याचा अर्थ नीट पाहा. डायनासोर गवत खात होते हा तर नवलाचा भाग झालाच. पण पाच प्रकार सापडले याचा अर्थ असा, की तोपर्यंत गवताच्या घरात वाटण्या होऊन चुकल्या होत्या. मूळ घर त्याहूनही जुने असले पाहिजे.

भाताची खूण

पुढे 2011 मध्ये याच मंडळींनी, नागपूरच्या डॉ. बंदना समंत आणि डॉ. धनंजय मोहबे यांच्यासह आणखी काही जणांना बरोबर घेऊन, दुसरे काम प्रसिद्ध केले. आता त्यांच्याजवळ नुसते सुटे कण नव्हते, पानाच्या सालीचे बारीक तुकडे होते आणि त्यांत कण जागच्या जागी बसलेले होते. डमरू पानाला आडवे आहेत की उभे, हे आता दिसू शकत होते.

त्यांनी वर सांगितला तसा तक्ता केला. आजच्या गवतांचा आनुवंशिक मजकूर, पानाच्या सालीच्या खुणा आणि वाळूकणांचे आकार हे सर्व एकत्र मांडले आणि पिसदुऱ्याचे जुने तुकडे वंशावळीत कुठे बसतात हे गणिताला विचारले. उत्तर आले: भाताच्या घराण्यात. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भाताचे भाऊबंद या भूमीवर होते. मग भाताचा आणि ज्वारीचा वाडा त्याआधीच वेगळा झालेला असणार, आणि गवताच्या कुळाचा आरंभ दहा कोटी वर्षांच्याही पलीकडे नेला पाहिजे, असे त्यांनी मांडले.

इथे गैरसमज नको. त्या काळी भाताची शेती नव्हती, ओंबीही आजच्यासारखी नव्हती, आणि माणूस तर नव्हताच. जे होते ते भाताच्या वंशाचे रानगवत.

एका प्रश्नाची दोन उत्तरे

मग प्रश्न सुटला का? शास्त्रात असे एका कागदावर निकाल लागत नाहीत. 2014 मध्ये पास्काल-अँटोइन क्रिस्तँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळा हिशेब पुन्हा केला, आणि तो दोन रीतींनी केला. पहिल्या वेळी डोळ्यांना दिसतील एवढे मोठे जीवाश्मच पुराव्यात धरले. तेव्हा ज्वारी आणि भात यांच्या वाड्यांची वाटणी 5 कोटी 10 लाख ते 5 कोटी 50 लाख वर्षांपूर्वीची निघाली. दुसऱ्या वेळी वाळूकणांसारखा सूक्ष्म पुरावाही धरला. तेव्हा तीच वाटणी 7 कोटी 40 लाख ते 8 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीची निघाली.

गवते तीच आणि मजकूरही तोच. एक कागद आत घेतला की बाहेर ठेवला, एवढ्याने दोन कोटी वर्षांहून जास्त फरक पडला. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पिसदुऱ्याचे कण खरोखर भाताच्या घराण्यातले असतील तर पहिले उत्तर बाद होते, कारण कागद वाटणीच्या आधीचा असूच शकत नाही. पण तो आडवा डमरू दुसऱ्याच एखाद्या, आता नामशेष झालेल्या गवतात स्वतंत्रपणे तयार झाला असेल, तर पहिले उत्तर उभे राहते. म्हणजे सगळा वाद येऊन ठेपतो तो एका कणाच्या आकारावर, आणि तो आकार किती भरवशाचा यावर.

यानंतर 2018 मध्ये चीनमधून एक पुरावा आला. तिथल्या एका डायनासोरच्या दातांवर गवताच्या सालीचे आणि वाळूकणांचे अंश मिळाल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले, आणि तो डायनासोर 10 ते 11 कोटी वर्षांपूर्वीचा होता. गवताचे कुळ जुने आहे, या म्हणण्याला त्यामुळे बळ आले. पिसदुऱ्याच्या शेणाची साक्ष एकाकी राहिली नाही.

आपल्या वावराशी याचा संबंध

कुणी म्हणेल, पाच कोटी की आठ कोटी, आम्हाला त्याचे काय? आमची ज्वारी यंदा कशी येते ते सांगा. रास्त आहे. पण ही वंशावळ वावरात रोज उपयोगी पडते, फक्त आपण तिला त्या नावाने ओळखत नाही.

पहिली गोष्ट पाण्याची. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्या पानांत हवेतला कर्बवायू साठवून वापरण्याची एक खास युक्ती आहे. त्यामुळे पानांची छिद्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि तेवढ्याच वाढीला पाणी पुष्कळ कमी लागते. ऊस पाणी जास्त पितो खरा, पण तो उभाही वर्षभर राहतो आणि वाढही तशीच देतो. भातात आणि गव्हात ही युक्ती नाही. गवतांत ती वीसहून अधिक वेळा निरनिराळ्या ठिकाणी निर्माण झाली, पण प्रत्येक वेळी ज्वारीच्याच वाड्यात, आणि तीही सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वीपासून पुढे. म्हणजे वाटण्या झाल्यावर एका घराने काटकसर शिकली, दुसऱ्याने नाही. म्हणूनच भातात ती नुसत्या संकराने आणता येत नाही. जगातले अनेक शास्त्रज्ञ 2008 पासून ती भाताच्या पानात मुद्दाम घडवण्याच्या खटपटीत आहेत. आपल्या ज्वारीला ती जन्मतःच मिळालेली आहे, आणि म्हणूनच नुसत्या जमिनीतल्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते.

दुसरी गोष्ट संकराची. नाते जवळचे असेल तर संकर साधतो. ज्वारी आणि ऊस यांना विभक्त होऊन कोटभर वर्षेही झालेली नाहीत, आणि कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात टी. एस. वेंकटरामन यांनी 1930 च्या दशकात ऊस आणि ज्वारी यांचा संकर करून दाखवला होता. ज्वारी आणि भात यांचे तसे जमत नाही. मधे कोट्यवधी वर्षांची भिंत आहे.

तिसरी गोष्ट रोग-किडीची. टारफुला ज्वारीच्या मुळावर बसतो, तसा मक्याच्या, बाजरीच्या आणि उसाच्याही. 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात आली, तिने आधी मका धरला आणि मग ज्वारी-उसावरही ती दिसू लागली. तणनाशकाचेही तसेच. ॲट्राझिन ज्वारी, मका आणि ऊस सोसतात. गहू सोसत नाही. नात्यावरून सगळेच कळते असे नाही, पण मक्यात कीड दिसली तर शेजारची ज्वारी आधी पाहावी, एवढे शहाणपण त्यातून नक्की येते.

चौथी गोष्ट खुणा टिपण्याची. परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीचा वाण तयार करताना ताटाची उंची, कणसाची ठेवण, दाण्याचा रंग, फुलोऱ्याचे दिवस असा खुणांचा तक्ताच ठेवावा लागतो. परभणी मोती असो की लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती, तिच्यामागे असे तक्ते आहेत. सोयाबीन-कापसाच्या लाटेत कित्येक गावांतून जुन्या ज्वारीची पेर उठली. कुणाकडे वडिलांच्या वेळचे, हुरड्यासाठी राखलेले बियाणे अजून असेल, तर ते मूठभर का होईना पेरत राहावे आणि त्याच्या खुणा वहीत लिहून ठेवाव्यात. गेलेल्या वाणाची खूण कोणत्याही गणिताने परत आणता येत नाही.

आणि शेवटची गोष्ट जुन्या दगडांची. विहीर, शेततळे किंवा रस्त्याचे खोदकाम करताना दोन काळ्या दगडांच्या थरांमध्ये मातीचा पट्टा लागतो. त्यात हाड, शिंपला, लाकूड झालेला दगड किंवा पानाची छाप दिसली तर ती फोडू नये आणि विकूही नये. कोणत्या थरात, किती खोलीवर मिळाली हे लिहून शाळेच्या गुरुजींना किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या अध्यापकांना कळवावे. जागेवरून हललेला जीवाश्म म्हणजे तारीख फाडलेला कागद. पिसदुऱ्याच्या शेणाला मोल आले ते कोणत्या थरातले हे ठाऊक होते म्हणून.

वाचकहो, या सगळ्यातून एक व्यवहारज्ञान घेण्यासारखे आहे. अंदाज पावसाचा असो, बाजारभावाचा असो की ज्वारी-भाताच्या वाटणीचा असो, सांगणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत. "किती ते किती?" आणि "कशावरून?" जो एकच आकडा छातीठोकपणे सांगतो त्याच्यापेक्षा, जो दोन टोके सांगतो आणि आपला पुरावा उघडा करून दाखवतो, तो जास्त भरवशाचा.

मुलांना एक उद्योग सांगतो. ज्वारीचे पिकलेले पान आणि भाताचे किंवा गव्हाचे काड मिळाले तर दोन्ही वेगवेगळी जाळून त्यांची राख वेगवेगळ्या कागदावर घ्या. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर गुरुजींना विचारून चिमूटभर राख पाण्याच्या थेंबात त्याखाली पाहा. डमरू शोधा, नागमोडी कडा शोधा, आणि दिसेल ते वहीत काढून त्याखाली तारीख व गावाचे नाव घाला. आणि पुढच्या वेळी आजी राखेने पातेले घासू लागली, की तिला सांगा, तिच्या बोटाखाली जो कच लागतो आहे तसलाच कच कधीकाळी चंद्रपूरच्या डायनासोरांच्या पोटातून गेला होता.